आधीचे आजार: काही नाही

९ जानेवारी

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

काकाचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं, असं समजू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. फोन करता आला असता, पण चाळीस वर्षं बाइंडिंगच्या दुकानात कटिंग मशीनशेजारी उभं राहून माझा उजवा कान कामातून गेलाय आणि डावा त्याच्या वाटेवर आहे. फोनवर तू बोललीस की मला डब्यात खडे वाजल्यासारखं ऐकू येतं. मग तुझी काकू माझ्या हातून फोन घेते, तुझं ऐकते आणि मला ओरडून सांगते. या वेळी तसं चालणार नाही, कारण विषय तीच आहे.

गेले तीन महिने तिचं जेवण सुटत चाललंय. चार घास खाल्ले की ताट सरकवते, म्हणते, पोट भरलं. आधी मला वाटलं, रुसलीय. मग उलट्या सुरू झाल्या. ब्लाउज ढगळ झाले तेव्हा म्हणाली, ‘‘बाकीच्या बायका बारीक व्हायला सकाळी धावतात, मी बसल्या जागी झाले.’’ तोंड काही बारीक झालेलं नाही, ते तुला ठाऊकच आहे. दुकानात अजून रोज बसते. मी पुठ्ठे कापतो, ती समोर बसून पुस्तकांच्या पानांचे फर्मे शिवते. पण परवा सुईत दोरा ओवायला तिला चारदा प्रयत्न करावा लागला आणि मी मान वळवून घेतली.

इथल्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. जठराची पिशवी म्हणे जाड आणि ताठ झालीय, कातडी बांधणीच्या पुठ्ठ्यासारखी. हे शब्द त्यांचे नाहीत, माझे. त्यांनी आतून तुकडे काढलेत आणि ते तुमच्याच प्रयोगशाळेत यायचेत. फॉर्म मीच भरला, स्वच्छ अक्षरात. वय त्रेसष्ट. तक्रार: अन्न जात नाही. आधीचे आजार: काही नाही.

तू स्वतः बघ. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. आणि जे असेल ते मला पत्राने कळव. दुकानाच्या पत्त्यावर. टपाल मीच घेतो.

तुझा,
काका


१६ जानेवारी

ती. काकांस,
सा. नमस्कार.

डबी मिळाली. सहा तुकडे होते, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढा. ते मेणात बसवले, पातळ काप काढून काचेवर घेतले, रंगवले. तुम्ही सांगितलंत म्हणून मीच पाहिले.

काका, आडपडदा ठेवत नाही. कॅन्सर आहे. एका जागी गाठ होऊन बसणारा नाही, भिंतीत झिरपत जाणारा. म्हणूनच पिशवी ताठ झालीय.

आमच्या कामात दोन प्रश्न असतात. हे काय आहे, आणि हे कुठून आलं. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण जिथून आलं तिथला इलाज करायचा असतो. पोटात सापडलं म्हणजे पोटातच जन्मलं, असं दर वेळी नसतं. पण काकूच्या बाबतीत वेगळं वाटायला काही कारण नाही. आधीचा आजार नाही, आणखी कुठे गाठ नाही, आणि पेशींचा चेहरा जठराच्या रोगाचाच आहे. उगम जठर, असं लिहिलंय. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनीही एकदा नजर टाकली. सही माझी आहे.

तिथले सर्जन बहुधा जठर पूर्ण काढायचं म्हणतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्याशिवायही माणसं जगतात. थोडं थोडं, दिवसातून सात-आठ वेळा खायचं.

मी दिवसभर काचा बघते, माणसं बघत नाही. काचेवर नंबर असतो, नाव बारीक असतं, आणि आम्ही ते वाचलं तरी मनात शिरू देत नाही. या वेळी शिरलं. मी उठून खिडकीपाशी गेले, पाणी प्यायले आणि पुन्हा बसले.

काकूला सगळं सांगा. तुम्हाला जमणार नसेल तर मी रविवारी येते.

बुटकी


२८ जानेवारी

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. येऊ नकोस. तू दारात दिसलीस की तिला संशय येईल.

ऑपरेशन बावीस फेब्रुवारीला ठरलंय. सर्जन तरुण आहे, पण हात शांत आहेत. हात बघून माणूस ओळखायची मला सवय. त्याने विचारलं, ‘‘उगम पोटातलाच, हे नक्की ना?’’ मी म्हटलं, माझ्या पुतणीने पाहिलंय, ती चुकायची नाही.

तुझ्या काकूला मी अल्सर म्हणून सांगितलंय. चिघळलाय, थोडा भाग कापावा लागेल, असं. तिने जास्त काही विचारलं नाही. म्हणाली, ‘‘कापा. तुमचा जन्मच कापण्यात गेला, आता माझी पाळी.’’ आणि हसली. तुला राग येईल, पण तुला तिची आई आठवत नाही. जबड्याचा कॅन्सर होता. तुझ्या काकूने चौदा महिने तिचं केलं. तेव्हा एकदा चादरी पिळता पिळता मला म्हणाली होती, ‘‘मला असलं काही झालं तर मला सांगू नका हं. न कळता जाऊ दे.’’ मी तिचा शब्द पाळतोय, एवढंच.

तू पुन्हा विचारलं नाहीस, तरी सांगतो, आधीचा काही आजार नाही. सर्दी-पडसं सोडून दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

एक सहज विचारतो. दुकानात एक गिऱ्हाईक बोलत होतं, म्हणून. एखादा जुना रोग, समज पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा, शरीरात दुसरीकडे कुठे होता आणि काढून टाकला, तर तो इतक्या वर्षांनी पोटात येऊ शकतो का? नसेलच म्हणा. लोक काय, काहीही बोलतात.

तुझा,
काका


५ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुमच्या त्या गिऱ्हाइकाने माझी झोप उडवली.

पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि कामाला लागले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी काकूच्या काचा कपाटातून परत काढल्या. या वेळी, मला हे आधीच ठाऊक आहे, असं मनात न धरता पाहिलं. काका, जे पाहिलं ते लिहिते. जठराच्या आतलं अस्तर जवळजवळ धड आहे. रोग तिथूनच उठला असता तर अस्तरात कुठेतरी बिघाडाची खूण दिसायला हवी होती. तसं काही नाही. वरचं घर शाबूत आहे आणि खाली भिंतीत या पेशी पसरल्यात, एकामागे एक, रांगेने. जठराच्या रोगातही सुट्या पेशी असतात, पण अशा रांगा पाहिल्या की आम्हाला आणखी एक अवयव आठवायला हवा. मला आठवला नाही. फॉर्मवर ‘काही नाही’ वाचलं, काकूचं नाव वाचलं, आणि घाई केली. लवकर उत्तर दिलं म्हणजे प्रेम केलं, असं वाटलं मला.

मेणाच्या ठोकळ्यातून नवे काप घेतले आणि वेगळे रंग लावले. हे रंग पेशीला तिचं मूळ गाव विचारतात, असं समजा. एक रंग असा आहे, जो स्तनातल्या पेशींच्या केंद्रांना तपकिरी करतो. जठराच्या पेशी तो सहसा धरत नाहीत. काकूच्या पेशींनी धरला. शंभरातल्या नव्वदांनी. मग आणखी दोन रंग लावले, त्यांनीही तेच सांगितलं.

म्हणून थेट विचारते. काकूच्या छातीत कधी गाठ झाली होती का? कधीही, कितीही लहान. काढली असेल तर कुठल्या दवाखान्यात, आणि तो अहवाल कुठे आहे?

मी सर्जनना फोन केलाय. ते म्हणतात, एकदा ‘जठर’ म्हणून सही केलेला अहवाल आता उलटा फिरवायचा तर नुसत्या रंगांपेक्षा जुनी नोंद असेल तर बरं. नसेल तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, आणि तोवर तिचं खाणं बंद होत चाललंय. स्तनातून आलेलं असेल तर जठर काढून काहीच साधणार नाही, काका. उलट ती त्यातून उठणार नाही, अशी भीती आहे. आणि साध्या गोळ्यांनी ते आवरता येण्यासारखं आहे.

उलट टपाली उत्तर द्या. कुरिअरने.

बुटकी


८ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
आशीर्वाद.

तू म्हणतेस तसं काही झालेलं नाही. तुझ्या रंगांत काही गडबड असेल. एकदा एक सांगायचं, मग दुसरं, याने माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा?

बावीस तारीख बदलू नये. तिची मनाची तयारी झालीय.

काका


११ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र चार ओळींचं आहे. तुम्ही मला चार ओळी कधीच लिहिलेल्या नाहीत. मी दहावीला नापास झाले तेव्हासुद्धा तीन पानं लिहिली होतीत.

काल घरी जाताना मला एकदम आठवलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी सुट्टीत तुमच्याकडे आले होते. काकूला वरच्या फळीवरची बरणी काढता येईना. डावा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘चरबीची गाठ काढलीय गं काखेपाशी, बोराएवढी. त्या एवढ्याशा गाठीला तुझ्या काकांनी घर डोक्यावर घेतलं.’’ तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही बरणी काढून दिलीत आणि खाली दुकानात निघून गेलात. ‘चरबीची’ म्हटल्यावर मीही ते विसरले. अठरा वर्षं झाली.

काका, चरबीच्या गाठीने हात असा आखडत नाही.

मी आता पुतणी म्हणून विनवत नाहीये. मी माझा अहवाल बदलणार आहे. ‘उगम जठर’ हे शब्द खोडून त्या जागी जे दिसतंय ते लिहिणार, आणि आधीच्या अहवालात चूक माझी होती, तेही खाली लिहिणार. मोठ्या बाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्या नावाला डाग लागेल.’’ लागू दे. तो अहवाल सर्जनच्या टेबलावर सोमवारी असेल, आणि ते तो काकूसमोर उघडतील. त्यांना दुसरा मार्ग नाही. तिला ते परक्या माणसाच्या तोंडून, टेबलापलीकडून ऐकायला लावायचं की तुमच्या तोंडून, एवढंच तुमच्या हातात उरलंय.

तिने आईच्या वेळी काय म्हटलं होतं ते तुम्ही लिहिलंत. तेव्हा ती किती वर्षांची होती? त्यानंतर तुम्ही तिला एकदा तरी पुन्हा विचारलंत?

जुना कागद तुम्ही फेकला नसणार. तुम्ही साधी पुठ्ठ्याची चिंधी फेकत नाही. शोधा.

बुटकी


१५ फेब्रुवारी

चि. बुटकीस,

कागद सोबत पाठवतोय. त्याला खळीचा वास येईल, कडेला थोडा फाटलाय आणि एक डाग माझ्या बोटाच्या रक्ताचा आहे. वाचता येईल.

तुझं खरं आहे. अठरा वर्षांपूर्वी डाव्या बाजूला, काखेपाशी गाठ. जुन्या दवाखान्यात काढली, तो आता बंद झाला. आठ दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, मोठं ऑपरेशन करू, मशीनचे शेक देऊ, पाच वर्षं गोळ्या. मी बाहेर आलो. ती बाकावर बसली होती, कुणाच्या तरी पोराला दोऱ्याचा खेळ करून दाखवत होती. मला बघून म्हणाली, ‘‘काय हो, चरबीच ना?’’ बुटके, तिनेच माझ्या तोंडात शब्द दिला. मी म्हटलं, हो, चरबी. एकदा म्हटलं की मग दुसरं काही म्हणता येईना.

मोठं ऑपरेशन केलं नाही. शेक दिले नाहीत. गोळ्या मात्र आणल्या, ‘हाडांच्या’ म्हणून. बाटली बदलून द्यायचो. दोन वर्षं तिने घेतल्या. मग म्हणाली, अंगातून वाफा निघतात, रात्र रात्र डोळा लागत नाही, नकोत मला तुमच्या हाडांच्या गोळ्या. का घ्यायच्या, ते मला सांगता येईना. बंद झाल्या. त्या पाच वर्षं पोटात गेल्या असत्या तर आज हे झालं असतं का? याचं उत्तर मला देऊ नकोस. किंवा दे. मला कळत नाही.

कागद फाडवेना आणि ठेववेना. म्हणून मी तो घरातल्या मोठ्या शब्दकोशाच्या मागच्या पुठ्ठ्यात, दोन थरांच्या मध्ये, चिकटवून टाकला. त्याच कोशातून ती रोज सकाळी शब्दकोडं सोडवते. मी समोर बसून बघायचो.

आणखी एक लिहितो, कुणाला सांगितलेलं नाही. त्या ऑपरेशननंतर मी खाली दुकानात झोपायला लागलो. पाठदुखीला कडक जमीन बरी, असं सांगितलं. पाठ कधी दुखलीच नाही. मला भीती वाटायची की झोपेत माझा हात तिच्या अंगावर पडेल आणि हाताला आणखी एक गाठ लागेल. मग मला ते कळलेलं असेल आणि तिला नाही, पुन्हा. दिवसा तिची पाठ असली की मी बघायचो, हात वर जातोय का, चेहरा उतरलाय का. अठरा वर्षं मी तिच्यावर पाळत ठेवली.

काल दुपारी ती शेजारणीकडे गेली होती. मी कोश खाली दुकानात आणला आणि पुठ्ठ्याची कड सुरीने उकलायला घेतली. कान गेल्याचा तोटा हा, की मागे कोण उभं आहे ते कळत नाही.

‘‘त्या कोशाने काय घोडं मारलंय तुमचं?’’

मी दचकलो, सुरी बोटात गेली. तिने आधी माझं बोट तिच्या पदरात दाबून धरलं. मग दुसऱ्या हाताने कागद उचलला. भाषा डॉक्टरी, पण वर तिचं नाव होतं आणि तारीख.

‘‘हे काय?’’

‘‘तुझ्या त्या गाठीचं आहे.’’

‘‘चरबीच्या?’’

‘‘चरबीची नव्हती.’’

ती स्टुलावर बसली. बोट सोडलं नाही. ‘‘आणि त्या हाडांच्या गोळ्या?’’

‘‘हाडांच्या नव्हत्या.’’

‘‘आणि आत्ताचं? हेही अल्सर नाही ना?’’

मी मान हलवली. तिने माझं बोट सोडलं, चिंधी बांधून दिली. मग तिच्या जागेवर गेली, अर्धवट राहिलेला फर्मा शेवटपर्यंत शिवला, गाठ मारली, दोरा तोडला आणि वर गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचं ओरडणं एवढंच मला नीट ऐकू येतं.

आज सकाळी तिने कागद परत माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, ‘‘पाठवा तिला. आजच.’’

काका


२३ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. नमस्कार.

जुना अहवाल मिळाला. त्यात लिहिलेला प्रकार आणि आत्ता जठरात दिसतोय तो, एकच. आता शंका नाही. ऑपरेशन रद्द झाल्याचं सर्जननी तुम्हाला सांगितलंच असेल. ते माझ्यावर चिडलेत, आणि त्यांचं बरोबर आहे. इलाज गोळ्यांनी सुरू करायचाय. काही आठवड्यांत अन्न जरा उतरायला लागेल, अशी आशा आहे. हा रोग आता मुळापासून जाणार नाही. पण आवरला जाऊ शकतो, आणि काही जणींमध्ये तो पुष्कळ काळ आवरलेला राहतो.

तुम्ही विचारलंत, गोळ्या पाच वर्षं घेतल्या असत्या तर. काका, कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. पाच वर्षं घेऊनही कुणाला येतो, न घेताही कुणाला येत नाही. पण शक्यता कमी झाली असती, हे खरं आहे. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, आता तर नाहीच. आणि माझं म्हणाल, तर तुमच्या त्या गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला नसता तर माझ्या सहीवर तिचं जठर निघालं असतं. हे मीही घेऊन फिरणार आहे.

काकू काल इथे आली. एकटी, सकाळच्या बसने, एक पिशवी घेऊन. तुम्हाला सांगून आली नाही, असं म्हणाली, म्हणून हे लिहितेय. काळजी करू नका. आल्या आल्या चहा मागितला, अर्धा प्यायली. मग म्हणाली, ‘‘तुझ्या काकांनी तुला लिहिलेली सगळी पत्रं मला हवीत.’’ मी म्हटलं, ती त्यांनी मला लिहिलीयत. ती म्हणाली, ‘‘माझ्याबद्दल लिहिलीयत ना?’’ मी दिली. तुम्हाला न विचारता दिली, रागवा.

तिने ती जेवणाच्या टेबलाशी बसून वाचली. शेवटचं वाचताना मध्येच उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. काय झालं ते मी विचारलं नाही.

आता म्हणतेय, मला तुझ्या कामावर घेऊन चल, मला ते बघायचंय.

बुटकी


४ मार्च

अहो,

एकेचाळीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तुम्ही. पत्र टाकायचं कुठून कुठे?

बुटकी मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. लांबट खोली, ओळीने टेबलं, वास थोडा आपल्या दुकानासारखा, थोडा दवाखान्यासारखा. ती म्हणाली, ‘‘काकू, खरंच बघायचंय? कुणी पेशंट असं बघत नाही.’’ मी म्हटलं, मला विचारलंस तेवढं पुरे, आता सरक. सूक्ष्मदर्शकात आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग तिने चाक फिरवलं. गुलाबी कापडावर जांभळे ठिपके, बारीक, एका ओळीत. कुणीतरी धावदोरा घातल्यासारखे. टाका सारखा होता, वाकडातिकडा नाही. खूप वेळ बघत राहिले. वाटलं होतं भीती वाटेल. वाटली, पण निदान ती कशाची आहे ते तरी आता ठाऊक आहे.

गोळ्या सुरू झाल्यात. या वेळी बाटलीवरचं नाव मी स्वतः वाचलं आणि आतला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाफा येतात. येऊ देत, कशाने येतात ते कळलं म्हणजे सोसता येतं. तेव्हा सांगितलं असतंत तर तेव्हाही सोसलं असतं. मी बुटकीला विचारलं, किती दिवस? तिने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘काही वर्षं मिळू शकतात, काकू. नाही मिळणार असं दिसलं तर तेही तुलाच आधी सांगेन.’’ त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली. काल मऊ भात एक वाटीभर गेला.

आईच्या वेळी मी ते बोलले होते. नाही म्हणत नाही. सव्वीस वर्षांची होते, चौदा महिने झोप नव्हती, हात चादरीच्या पाण्याने कुजले होते. माणूस वैतागला की शंभर गोष्टी बोलतो. त्यातली एक तुम्ही उचललीत आणि जन्मभर सांभाळलीत. विसरायच्या होत्या त्या गोष्टी तुम्ही कधी विसरला नाहीत, आणि विचारायच्या होत्या त्या विचारल्या नाहीत.

रोग लपवलात त्याचा राग आहे. अल्सर म्हणून पुन्हा तोच डाव टाकलात त्याचा तर जास्तच. पण ज्याने मी त्या दिवशी गॅलरीत जाऊन उभी राहिले ते वेगळं आहे.

तुम्ही खाली झोपायला लागलात तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. मला वाटलं, तुम्हाला त्या व्रणाची किळस येते. तुम्ही बघायचात आणि मी वळले की मान फिरवायचात, ते मला कळायचं. मला वाटायचं, यांना नकोशी झालेय. तेव्हापासून ब्लाउज बदलताना मी भिंतीकडे तोंड करते. घरात कुणी नसतानाही. आरशाच्या त्या बाजूला मी जातच नाही. अठरा वर्षं, अहो. तुम्ही वरच्या जिन्याकडे भीतीने बघत खाली झोपलात आणि मी वर लाजेने. आणि दोघांनी सकाळी उठून एका टेबलाशी पुस्तकं शिवली.

एकदा, फक्त एकदा ‘भीती वाटते’ म्हणाला असतात तर मी तुमचा हात धरून स्वतःच दाखवलं असतं, कुठे आहे आणि कुठे नाही.

माफीचं म्हणाल तर अजून नाही. होईल की नाही तेही सांगत नाही, खोटं बोलायची पाळी आता कुणाचीच नाही. बुटकीला मात्र दोष देऊ नका. तिने स्वतःची चूक साऱ्या दवाखान्यासमोर लिहून दिली. तुमच्या-माझ्या पिढीत ते कुणाला जमलं नाही.

मी सोमवारी दुपारच्या बसने येते. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. तुम्ही बरोबर यायचं, पण बोलणार मी. तुम्हाला जे ऐकू येणार नाही ते मी तिथल्या तिथे कागदावर लिहून दाखवीन, एक शब्दही न गाळता.

आणि सोमवारच्या आत तुमचं अंथरूण वर आणून ठेवा. यातून काही अर्थ काढत बसू नका, मी अजून रागावलेलीच आहे. पण रागवायलासुद्धा माणूस जवळ लागतो, आणि इतक्या लांबून ओरडायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

तुमची,
मी